शेंगदाणेवाले आणि एक रिकामी सीट

मिशिगनमधल्या ॲन आर्बरहून आमच्या ऑफिसपर्यंत सकाळी पाऊण तास लागायचा. बर्फ पडत असला तर तास, सव्वा तास. ऐंशीच्या दशकातली पहिली काही वर्षं हा रस्ता मी दुसऱ्याच्या गाडीत बसून केला. गाडी नागपूरकरांची होती. लांबलचक स्टेशन वॅगन, दोन्ही बाजूंना लाकडासारखा दिसणारा पट्टा चिकटवलेला. आमचं ऑफिस म्हणजे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचं ड्रॉइंग ऑफिस. तिथे मी यंत्रांचे आराखडे काढायचो. दिवसभर पेन्सिल आणि पट्टी. बोलायचं काम फारसं नाही, आणि ते मला बरंच होतं.

गाडीत आम्ही चौघं असायचो. नागपूरकर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, ऑफिसातही मोठ्या जागेवर. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दुसरा मुंबईकर, वयाने लहान, लग्न व्हायचं होतं, प्रत्येक वाक्याला यार लावणारा. तिसरा मी. आणि चौथा एक अमेरिकन ड्राफ्ट्समन, निवृत्तीला आलेला. तो पुढच्या सीटवर बसला की हायवेला लागायच्या आत झोपायचा.

या गाडीत अमेरिकेच्या जुन्या राष्ट्राध्यक्षांचे निकाल लागायचे. गंमत म्हणून सुरू झालं आणि मग नेमच होऊन गेला. कोण चांगला, कोण वाईट, कोणाला किती मार्क. दादा शाळामास्तराचे चिरंजीव. त्यांची मार्कं द्यायची पद्धत आपल्या शालान्त परीक्षेची. पस्तीसला पास, साठला फर्स्ट क्लास, पंचाहत्तरच्या वर कोणी गेला तर डिस्टिंक्शन, आणि एखाद्याला दयेचे मार्क देऊन वर ढकलायचीही सोय.

फक्त नाव घ्यायचं नाही. कारण तो ड्राफ्ट्समन. आम्ही मराठीत कितीही मोठ्याने बोललो तरी त्याची झोप मोडत नसे, पण मध्ये एखाद्या राष्ट्राध्यक्षाचं नाव आलं की लगेच डोळे उघडायचा. मग त्याचं एक मत, त्यावर दादांचं दुसरं, आणि दोघांचे पक्ष वेगळे असल्यामुळे उतरेपर्यंत कोणाचंच तोंड सरळ नसायचं. म्हणून आम्ही बारशी केली. गुलामगिरी संपवणारे ते टोपीवाले. चार निवडणुका जिंकलेले आणि पायांनी अधू असलेले ते खुर्चीवाले. जॉर्जियातले शेतकरी, नुकतेच पायउतार झालेले, ते शेंगदाणेवाले. बांगलादेशच्या लढाईत बंगालच्या उपसागरात जहाजं पाठवणारे आणि पुढे राजीनामा देऊन घरी गेलेले, ते आरमारवाले. आणि आम्हा लोकांना या देशाची दारं उघडणाऱ्या कायद्यावर ज्यांनी सही केली, पण त्याच हाताने व्हिएतनामची लढाई वाढवली, ते सहीवाले. बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत तसे आम्ही तीन बाप्ये गाडीत बसून राष्ट्राध्यक्षांची नावं टाळायचो.

पहिले काही महिने मी नुसता ऐकत होतो. मी मुळात कमी बोलणारा. त्यात त्या दोघांचं तोंड सतत चालू. दादा वर्तमानपत्र पाठ करून यायचे, आणि मुंबईकराला काही माहीत नसलं तरी तो हरत नसे. दादा आरशातून माझ्याकडे बघून म्हणायचे, "तुमचं काय म्हणणं आहे?" मी म्हणायचो, "बरोबर आहे." मुंबईकर म्हणायचा, "यार, कोणाचं बरोबर? आम्ही दोघं उलट बोलतोय." मग दोघं हसायचे. त्यात वाईट काही नव्हतं. पण मला लागायचं.

घरी मात्र वेगळी गंमत चालली होती. माझी बायको वाचणारी. मुलगी लहान असताना तिला शनिवारी गोष्टींच्या तासाला पब्लिक लायब्ररीत न्यायची, आणि तो तास संपेपर्यंत बाहेर बसायची. तिथल्या बाकाशेजारचं कपाट चरित्रांचं होतं. हाताला लागलं ते तिने उचललं. पहिलं पुस्तक खुर्चीवाल्यांवरचं निघालं. ते आवडलं, मग दुसरं, मग ओळीने सगळे. वर्ष-दोन वर्षांत तिने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असे वाचून काढले, जसे कोणी सासरच्या माणसांचे स्वभाव ओळखून ठेवतं. कोण भिडस्त, कोण हट्टी, कोण बायकोचं ऐकणारा, कोण ऐकून विसरणारा. रात्रीच्या जेवणाला ती त्यांच्याविषयी बोलायची आणि मी भाजी-पोळी खात ऐकायचो.

एकदा ती आरमारवाल्यांबद्दल म्हणाली, "दूध उतू गेलं याला कोणी काही म्हटलं नसतं हो. ओटा पुसलेलं फडकं लपवलं, म्हणून सापडले."

दुसऱ्या दिवशी गाडीत आरमारवाल्यांचाच निकाल निघाला. दादांनी आरशातून पाहिलं. मी ते वाक्य म्हटलं. दादांनी स्टिअरिंगवर थाप मारली, "वा, काय बोलले राव तुम्ही," आणि शेजारी बसलेला मुंबईकर वळून माझ्याकडे बघत राहिला. हे हिचं आहे, असं मी म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. पण दादांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला, आणि मला वाटलं, उद्या सांगू.

तो उद्या आला नाही. उलट रोज संध्याकाळी ताटावर बसलो की मी विचारू लागलो, "आज काय वाचलंस?" तिला किती बरं वाटायचं ते मला दिसायचं. आतापर्यंत मी असं कधी विचारलं नव्हतं. ती हात धुवून, खुर्ची ओढून बसायची, रंगून सांगायची. मी मधून मधून शंका काढायचो. ती शंका दादा काढतील म्हणून काढलेली असायची, पण ते तिला कुठे ठाऊक? ती म्हणायची, "अहो, चांगलं विचारलंत," आणि त्याचं उत्तर शोधायला पुन्हा पुस्तक उघडायची. लबाडीतून सुरू झालेले ते तास आमच्या संसारातले फार चांगले तास होते, हेही मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. मी खरोखर ऐकायचो. चोर असलो तरी लक्ष देऊन ऐकणारा चोर होतो.

गाडीत माझी पत वाढली. सहीवाल्यांविषयी मी म्हणालो की, एका हाताने वाढलं आणि दुसऱ्या हाताने ताट ओढलं, अशा माणसाला मार्क देताना दोन्ही हात बघायला पाहिजेत. दादांना ते पटेना. "आपण तिघं इथं बसलो आहो ते त्याच्या सहीनं. दार उघडणाऱ्याला नापास नाही करायचं, बाप्पा." पण पुढचा आठवडाभर तेच माझं वाक्य इतरांना ऐकवत होते. शेंगदाणेवाल्यांना मी पस्तीसच मार्क दिले. म्हटलं, हे म्हणजे घरातली थोरली सून. मांडणीवरच्या प्रत्येक डब्याचं झाकण स्वतः उघडून बघणार, कोणावर विश्वास नाही, आणि पानं मात्र तीन वाजता मांडणार.

मुंबईकर एकदा म्हणाला, "यार, तुझी सगळी एक्झाम्पल्स किचनमधली कशी?"

"लहानपणी आईच्या हाताखाली असायचो," मी म्हटलं. तेही खोटं. आई मला स्वयंपाकघरात उभंसुद्धा करत नसे.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग एका ऑक्टोबरात तो ड्राफ्ट्समन निवृत्त झाला आणि गाडीतली एक सीट रिकामी झाली. आणि त्याच महिन्यात हिला नोकरी लागली. शेजारच्या गावातल्या लायब्ररीत, पुस्तकं देणं-घेणं, परतीची तारीख छापणं, आलेली पुस्तकं कपाटात लावणं. ही लायब्ररी आमच्या ऑफिसच्या वाटेवर होती. हायवे सोडून दोन सिग्नल आत, एवढंच. घरी आमची एक गाडी होती, पण हिला तेव्हा ती चालवता येत नव्हती.

दादांना मी नोकरीचं सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "अरे वा, मग वहिनींना घेऊन या ना उद्यापासून. सीट रिकामीच आहे."

मला एकच दिसलं. ही मागे बसली आहे आणि दादा म्हणताहेत, वहिनी, तुमच्या मिस्टरांनी थोरल्या सुनेचं काय झकास सांगितलं.

"तिला बसच आवडते, दादा," मी म्हणालो. "बसमध्ये वाचायला मिळतं म्हणते."

दादा म्हणाले, "हौस एकेकाची."

त्या संध्याकाळी हिने स्वतःच विचारलं, "दादांच्या गाडीत जागा झालीय ना आता?"

मी ताटातून मान वर केली नाही. "अगं, त्यांना संकोच वाटतो. पुरुषांची गाडी. सिगरेटी ओढतात, तोंडाला येईल ते बोलतात. बाईमाणूस असलं की अवघडायला होतं, असं म्हणाले."

खरं म्हणजे त्या गाडीत कोणी सिगरेट ओढत नव्हतं. आणि तोंडाला येईल ते म्हणजे काय, तर खुर्चीवाल्यांना ऐंशी द्यावे की ब्याऐंशी.

ती म्हणाली, "बरं."

एवढंच. मी वादाची तयारी करून बसलो होतो, आणि तिने पोळी वाढली.

मिशिगनचा हिवाळा ज्यांनी काढलाय त्यांना बाकीचं सांगायला नको. ती आमच्या घराजवळ बस पकडायची, गावात उतरून दुसऱ्या बसची वाट बघायची, आणि उतरल्यावर लायब्ररीपर्यंत दहा-बारा मिनिटं चालायची. संध्याकाळी हेच उलटं. बूट सेलमधले होते, त्यातून पाणी झिरपायचं. शेजारच्या अमेरिकन बाईने तिला युक्ती सांगितली, मोज्यांवरून ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या चढवायच्या आणि मग बूट घालायचे. रोज रात्री त्या पिशव्या धुऊन भांड्यांच्या जाळीवर उलट्या वाळत घातलेल्या असायच्या. घरी आली की ती आधी जमिनीतल्या हीटरच्या जाळीवर पाय ठेवून उभी राहायची. कोट अंगात तसाच. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही न बोलता. मग कणीक भिजवायला घ्यायची. मी पेपर वाचत असायचो. म्हणजे पेपर समोर धरलेला असायचा.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिने एकदा जेवताना विचारलं, "आई, व्हाय डोन्ट यू जस्ट गो विथ बाबा?"

"ती पुरुषांची गाडी आहे गं," ही म्हणाली.

"दॅट्स सो डंब," मुलगी म्हणाली आणि दूध पिऊ लागली.

जेवण झाल्यावर मी नेहमीसारखं विचारलं, "आज काय वाचलंस?" आणि तिने सांगितलं.

असे चार महिने गेले. मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी हायवेवर मोठा ट्रक आडवा झाला आणि पोलिसांनी सगळ्यांना गावातल्या रस्त्याने वळवलं. गाड्या मुंग्यांसारख्या सरकत होत्या. बाहेर बारीक, टोचणारा बर्फ. शेजारच्या गावात शिरलो तेव्हा दादा एकदम म्हणाले, "अरे, त्या आपल्या वहिनी नव्हेत?"

ती बसमधून उतरून चालत होती. हिरवा कोट, डोक्याला शाल, हातात डब्याची पिशवी. पावलं अशी टाकत होती, जशी दुखऱ्या पायाचं माणूस टाकतं. मी म्हणालो, "राहू द्या दादा, जवळच आहे तिची लायब्ररी." पण दादांनी गाडी कडेला घेतली होती. मुंबईकराने उतरून दार उघडलं आणि तो पुढे जाऊन बसला. ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या कोटाची थंडी माझ्या हाताला लागली.

"वहिनी, या थंडीत कसलं आलं हो वाचन?" दादा आरशातून म्हणाले. "हे म्हणतात तुम्हाला बसच पसंत आहे. आम्ही केव्हापासून म्हणतोय की सीट रिकामी आहे, घेऊन या, घेऊन या."

माझी दोन खोटी त्या गाडीत समोरासमोर येऊन बसली होती. आता ती म्हणेल, अहो, मला तर सांगितलं की तुम्हालाच संकोच वाटतो. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग म्हणाली, "हो, बसमध्ये वाचायला बरं पडतं."

रस्ता पुढे सरकत नव्हता. मुंबईकराला गप्प बसवत नव्हतं. त्याने आमच्या निकालांची सगळी हकीकत तिला सांगितली, बारशांसकट. ती हसली. मग दादा म्हणाले, "आणि यात हेडमास्तर कोण, तर तुमचे मिस्टर. शेंगदाणेवाल्यांचं यांनी काय सांगितलं माहीत आहे? म्हणे घरातली थोरली सून. सगळ्या डब्यांची झाकणं उघडून बघणार आणि पानं तीनला मांडणार. पस्तीस मार्क. बरोबर ना?"

"असं म्हणाले हे?" ती म्हणाली.

"शब्दशः," मुंबईकर म्हणाला.

तिने मांडीवरची डब्याची पिशवी नीट केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला नाही पटत."

"आं?" दादा म्हणाले.

"पस्तीस कमी आहेत. त्यांनी इजिप्तच्या आणि इस्राएलच्या पुढाऱ्यांना डोंगरातल्या घरांत आणून तेरा दिवस ठेवलं की नाही? दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. मग हे स्वतः कागद घेऊन या घरातून त्या घरात. एक शब्द बदलायचा, पुन्हा जायचं. हे कोण करेल? झाकण उघडून बघायची सवय असलेलाच करेल. दोन भांडणाऱ्या जावांना एका स्वयंपाकघरात तेरा दिवस नांदवून दाखवा, आणि मग पानं तीनला मांडली म्हणून नावं ठेवा."

दादांनी गाडी चालवता चालवता मान हलवायला सुरुवात केली. मुंबईकर माझ्याकडे वळला. "बोल यार. डिफेंड कर."

मला काय येत होतं? थोरली सून माझी नव्हती, आणि जिची होती ती आता पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती. "पण… महागाई वाढली," मी म्हणालो. "पेट्रोलला रांगा लागल्या."

"त्या त्यांच्या आधीही लागल्या होत्या," ती शांतपणे म्हणाली.

"विकेट," मुंबईकर म्हणाला. "वहिनींनी मिडल स्टंप काढला."

दादांनी शेंगदाणेवाल्यांना तिथल्या तिथे बावन्न केले. मग विचारलं, "वहिनी, एवढं तुम्हाला कुठून माहीत?"

"घरी ऐकते ना," ती म्हणाली. "यांच्याकडून."

लायब्ररी आली. ती उतरली, दादांना थँक यू म्हणाली, आणि सांभाळून चालत आत गेली.

त्या दिवशी मी ड्रॉइंगवर एक रेघ तीनदा खोडली. संध्याकाळी घरी आलो तर ती जाळीवर उभी होती. मी पेपर उचलला नाही. म्हणालो, "तू बोलली नाहीस त्यांच्यासमोर."

"दोन भल्या माणसांपुढे काय बोलायचं?" मग म्हणाली, "मला वाटायचं, काय माणसं आहेत. जागा असून बाईला घेत नाहीत. दिवाळीला त्यांच्या घरी गेलो तेव्हा मी दादांशी धड बोलले नाही, माहितीय?"

मला माहीत नव्हतं. माझं लक्षच गेलं नव्हतं.

"आणि ती मतं," मी म्हणालो. "ती मी…"

"कळलं ते." तिला हसू आलं, खरंच आलं. "मतांचं काय घेऊन बसलात? मी तरी कुठून आणली, लायब्ररीतूनच ना? आणि नीट सांगितलीत म्हणायची. शब्दशः." मग हसू गेलं. "पण पाय दुखायचे हो माझे. रात्री झोप लागायची नाही इतके दुखायचे. तुम्ही शेजारी असायचात."

मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "उद्यापासून मी पुढे बसणार. मागे हीटर लागत नाही, असं तुम्हीच सांगत असता."

दुसऱ्या दिवशी ती पुढे बसली. हायवेला लागल्यावर मी, घसा खाकरून, दोघांना सांगितलं की इतके दिवस मी बोलत होतो ती मतं माझी नव्हती, हिची होती. दूध, ताट, सून, सगळी. दादा पुढे बघत गाडी चालवत राहिले. मुंबईकर म्हणाला, "किचन! मी बोललो होतो." मग दादांनी आरशातून, तेच जुने डोळे, विचारलं, "ते ठीक आहे. पण मग तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे?"

मी विचार केला. म्हणालो, "मला ते कमी बोलणारे आवडतात. विसाच्या दशकातले. ज्यांच्याबद्दल म्हणतात की जेवायला बोलावलं तर दोन शब्द बोलून उठायचे."

"त्यांनी केलं काय पण?" दादा म्हणाले.

"ते माहीत नाही."

सगळे हसले, ही सगळ्यांत जास्त. मीही हसलो. पहिल्या दिवसांतल्यासारखं लागलं नाही. पुढे मग मी स्वतः वाचू लागलो, हळूहळू, एका पुस्तकाला दोन महिने. ही उतरेपर्यंत गाडीत रोज तिच्याकडून हरत गेलो, आणि हरायची सवय झाली की सकाळचा पाऊण तास किती छान जातो, ते मला तेव्हा कळलं. उन्हाळ्यात तिला मी गाडी शिकवली. लायसन्स मिळालं तरी ती दादांच्याच गाडीतून यायची. आमची गाडी गॅरेजमध्ये उभी.

पण त्या सकाळी मी निम्मंच कबूल केलं होतं. मतं चोरली हे सांगितलं. सीट नाकारली हे सांगितलं नाही. दादा आणि मुंबईकर इतकी वर्षं हेच समजत आले की वहिनींना बसमध्ये वाचायला आवडायचं. मतांची चोरी सांगताना लोक हसतात, आणि ते हसतील हे मला ठाऊक होतं. त्या दुसऱ्या गोष्टीला कोणी हसणार नव्हतं.

आता मी पन्नाशीला आलोय. दादा निवृत्त होऊन टेक्सासात, अर्विंगला मुलाजवळ राहायला गेलेत. मुंबईकर सनीव्हेलला कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कंपनीत आहे, दोन मुलींचा बाप. हे सगळं लिहून, छापायला पाठवण्याआधी, मी हिला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून शांतपणे वाचलं. म्हणाली, "चांगलं लिहिलंय. पण दादांना छापलेलं वाचून कळावं, हे बरं नाही. आधी फोन करा."

रविवारी सकाळी केला. दादांनी हवापाणी विचारलं, गुडघ्यांचं सांगितलं. मग मी सांगितलं. जागा आहे म्हणाला होतात, आणि मी हिला उलटं सांगितलं होतं. ती बसने जायची ती आवडीने नाही.

मला वाटलं लाइन गेली.

"म्हणजे मी चार महिने रिकामी सीट घेऊन त्या लायब्ररीजवळून गेलो," दादा म्हणाले. "रोज."

"हो."

"आणि वहिनी समजत होत्या की मीच नाही म्हटलं."

"हो, दादा."

"हे तुम्ही बरं नाही केलं." आवाज चढलेला नव्हता. "माझ्या गाडीवर आळ घेतला तुम्ही. माझी माय असती तर मला विचारलं असतं तिनं, काहून रे, बाईमाणसाला थंडीत उभं केलंस?"

मी म्हणालो, चुकलं. दादा म्हणाले, "फोन द्या वहिनींना."

मी रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि टेबलापाशी येऊन बसलो. सुरुवातीला ती नुसती "हो" आणि "नाही हो, दादा" म्हणत होती. एकदा म्हणाली, "दिवाळीला मी तुमच्याशी नीट वागले नाही, तेवढं मनात ठेवू नका." मग बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने फोनची तार लांब ओढून घेतली, खुर्ची सरकवली, पाय वर घेऊन बसली, आणि तिचा आवाज बदलला. "छे छे, साठ कसले देताय? आता माजी झाले म्हणून काय लगेच फर्स्ट क्लास? नट माणूस, बोलणार चांगलं. मी वाचतेय सध्या, ऐका…"

मी उठून चहा टाकला. तिचा कप तिच्यासमोर ठेवला, तो तसाच राहिला. थोड्या वेळाने तोच पुन्हा गरम करून आणला. तिने बोलता बोलता मान हलवली आणि कप हातात घेतला.